अनारशावरची खसखस

विमानाच्या चार दिवस आधी भरलेली बॅग घेऊन या, असं आम्ही परदेशी शिकवायला निघालेल्या प्रत्येकाला सांगतो. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात टेबल मोकळं करून बॅग उघडायची आणि तिथे बंदी असलेलं काही आत नाही ना, ते पाहायचं. बऱ्याच जणांना हे आवडत नाही. कळव्याची ही मुलगी मात्र आईला घेऊनच आली, कारण अर्धी बॅग आईनेच भरली होती. अबू धाबीच्या एका शाळेत सत्राच्या मध्येच इंग्रजीची जागा रिकामी झालेली, म्हणून ऐन दिवाळीच्या तोंडावर निघायची घाई.

कागद चोख होते, आणि ते चोख करण्यातच दोन-अडीच महिने गेले होते. परदेशी कागद एकाच शिक्क्यावर मान्य करणाऱ्या हेग करारात संयुक्त अरब अमिराती नाही, त्यामुळे त्या शिक्क्याचं, म्हणजे अपोस्टीलचं, तिथे काही चालत नाही. पदवी आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग अमिरातीच्या दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यायची. शेवटचा शिक्का तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. त्यात हिची मुंबई विद्यापीठाची पदवी लॅमिनेट केलेली. प्लास्टिकवर शिक्का मारत नाहीत, आणि ते सोलताना शाई निघाली तर दुसरी प्रत काढण्यापासून तयारी. पदवी हातात पडली की दुसऱ्या दिवशी लॅमिनेशनवाल्याकडे धावायची आपली हौस महागात पडते.

तर बॅग. वरच्या थरात कपडे, खाली स्टीलचा गोल डबा, जुन्या ओढणीत गुंडाळलेला. काकूंनी अभिमानाने झाकण काढलं. अनारसे. जाळी सुरेख पडलेली, आणि एका अंगाला खसखस अगदी दाट.

"काकू, हे नाही नेता येणार."

"अहो, घरचे आहेत. तळून दोनच दिवस झालेत."

खराब होण्याचा प्रश्नच नव्हता. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बियांनी नशा चढत नाही, पण बोंडाचा चीक त्यांना बाहेरून लागलेला असतो आणि त्यात मॉर्फीन, कोडीन असतं. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, म्हणून खसखस वाण्याकडे सहज मिळते. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. सौदीत आणि सिंगापुरातही ती अशी नेता येत नाही. अमिरातीतला अमली पदार्थांचा कायदा किती थोडी होती हे फारसं विचारत नाही. सापडली एवढं पुरतं.

"मग खसखस झटकून देऊ?" काकूंनी विचारलं आणि एक अनारसा उलटा धरून नखाने खरवडूनही पाहिला. वरचे दाणे पडले, पण तुपात तळलेले जाळीतले तसेच राहिले. बशीत पडले त्याहून जास्त ओढणीत अडकलेले निघाले. म्हणजे आता डबा काढून भागणार नव्हतं. सगळे कपडे बाहेर काढून झटकले, बॅग पालथी करून शिवणींतून ओला फडका फिरवला.

अनारसे निदान डोळ्यांना दिसतात. आमची खरी भीती मसाल्याची. मालवणी मसाल्यात खसखस भाजून दळलेली असते, आणि घरच्या बरणीवर कसलं आलंय लेबल? किलोभर मसाला परत गेला. लक्ष्मीपूजनासाठी ओल्या फडक्यात बांधलेली विड्याची पानंही काढली. पान तिथे कुठल्याच रूपात नेता येत नाही. काकूंचा चेहरा तेव्हा खरा उतरला. अनारशांपेक्षा पानांचं त्यांना जास्त लागलं.

औषधांच्या पिशवीत पाठदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी होती. मागे लिहिलेलं बारीक वाचलं तर पॅरासिटामॉलच्या जोडीला ट्रामाडॉल. ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम, नसांच्या दुखण्यासाठीचं प्रीगॅबालिन, ही सगळी तिथे नियंत्रित औषधं. खरंच गरज असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि वैद्यकीय अहवाल जोडून तिथल्या सरकारकडे निघण्याआधी ऑनलाइन परवानगी मागायची, आणि औषध मूळ वेष्टनातच न्यायचं. ब्रँडचं नाव पाहू नका, खालचं औषधाचं नाव वाचा. हिला त्या गोळ्यांची गरज नव्हती, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या. जपानला जाणाऱ्यांनाही हे वाचन करावंच लागतं: कोडीन 1 टक्क्याच्या वर किंवा स्यूडोएफेड्रीन 10 टक्क्यांच्या वर असलेलं औषध तिथे नेता येत नाही, मग ते इथे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत असो.

बॅग पुन्हा भरता भरता मुलीला बाकीचं सांगितलं. कळव्यात ती आठवी-नववीच्या शिकवण्या घ्यायची, तिथेही संध्याकाळी दोन-चार मुलं घेईन म्हणत होती. अमिरातीत परवान्याशिवाय खाजगी शिकवणी बेकायदा आहे. डिसेंबर 2023 पासून त्यासाठी वेगळा परवाना मिळतो. शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. नोकरीतल्या शिक्षकांनाही अर्ज करता येतो, पण तो आधी करायचा आणि मगच पहिला विद्यार्थी घ्यायचा. वर्गातल्या मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. परवानगीवाचून कुणाचा फोटो काढणं आणि पसरवणं हा गुन्हाच. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला शिवी दिली तर तीही सायबर कायद्यात बसते. आणि एखाद्याच्या ऑपरेशनसाठी ग्रुपवर पैसे जमवण्याची आपली चांगली सवय तिथे गोत्यात आणते, कारण निधी गोळा करायचा अधिकार फक्त परवानाधारक संस्थांना आहे.

हे सगळं तिने वहीत नीट उतरवून घेतलं. हसली ती फक्त रस्त्याच्या नियमाला. घोडबंदर रोड हात दाखवत ओलांडणाऱ्या माणसाला तो खराच वाटत नाही. 29 मार्च 2025 पासून लागू झालेल्या तिथल्या वाहतूक कायद्यात, ताशी 80 किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगमर्यादेचा रस्ता भलतीकडून ओलांडला तर किमान तीन महिने कैद, किमान 10,000 दिरहम दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

"पाऊस पडत असला तरी?" तिने विचारलं.

तरी.

सात वाजता बॅग काट्यावर चढवली. पावणेतीन किलोंनी हलकी झाली होती. काकू अनारशांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यातले चार त्यांनी आमच्या टेबलावर काढून ठेवले. दारापर्यंत जाऊन त्या पुन्हा वळल्या.

"आणि तीळ?"

"तीळ चालतात, काकू."

"मग मसाला नव्याने करते, खसखस न घालता. कुणी येणारं-जाणारं असलं तर कळवा."