गांधीलमाशीची राणी आणि एक दीर्घ प्रश्न

प्राण्यांच्या सामाजिक वर्तनाचा अभ्यास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आफ्रिकेतील चिंपांझी किंवा सिंहांचे कळप येतात. भारतातील या विषयाचे सर्वांत चिकाटीचे काम मात्र ज्या प्राण्यावर झाले, तो दक्षिण भारतात खिडकीच्या चौकटीला, वळचणीला किंवा जिन्याच्या कोपऱ्यात सर्रास घर करतो, आणि बहुतेक घरांत त्याची दखल केरसुणीने घेतली जाते. रोपालिडिया मार्जिनेटा या नावाची ही तपकिरी गांधीलमाशी लाकडाचे तंतू चावून, त्यात लाळ मिसळून कागदासारखे उघडे पोळे बांधते. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राघवेंद्र गदगकर यांनी आपल्या कारकिर्दीतील चार दशकांहून अधिक काळ प्रामुख्याने या एका जातीला आणि तिच्या रोपालिडिया सायथिफॉर्मिस या भावंड जातीला दिला. प्राणिशास्त्र शिकवताना मी या कामाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण एकच प्रश्न किती काळ आणि किती बाजूंनी विचारता येतो हे त्यात स्पष्ट दिसते.

गदगकरांचा जन्म 1953 सालचा. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत असताना जेम्स वॉटसन आणि कोनराड लोरेंझ या दोघांच्या लेखनाने त्यांना भारून टाकले. एकाने रेणूंकडे ओढले, दुसऱ्याने वर्तनाकडे. पीएच.डी. त्यांनी रेणवीय जीवशास्त्रात, जिवाणूंना बाधणाऱ्या विषाणूवर केली आणि 1979 मध्ये ती पूर्ण झाली. पण त्या काळातही गांधीलमाश्यांचे निरीक्षण हौसेखातर चालूच होते. पुढे त्यांनी पेशा आणि छंद यांची अदलाबदल केली. ही अदलाबदल शक्य झाली त्यात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या याच संस्थेत असण्याचा वाटा मोठा होता. पुण्याच्या गाडगीळांनी महाबळ यांच्यासह याच मार्जिनेटा जातीतील कामाच्या विभागणीवर 1974 मध्येच एक टिपण प्रसिद्ध केले होते, आणि 1983 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने संस्थेत परिसरशास्त्राचे केंद्र उभे राहिले. गदगकरांचे पुढील काम त्याच केंद्रात बहरले.

मूळ प्रश्न डार्विनलाही छळणारा होता. पोळ्यात अंडी घालते ती एकटी राणी. बाकीच्या माद्या अन्न आणतात, बांधकाम करतात, अळ्यांना भरवतात आणि बहुतेक वेळा स्वतःची संतती न ठेवता मरतात. मग असा त्याग घडवणारा गुणधर्म पुढच्या पिढीत पोहोचतो कसा? 1964 मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी याचे उत्तर नात्याच्या हिशेबात शोधले. मधमाश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांच्यात नर अफलित अंड्यातून जन्मतो, त्यामुळे वडिलांची सर्वच्या सर्व जनुके प्रत्येक मुलीकडे जातात आणि एकाच आईबापांच्या बहिणी एकमेकींशी सरासरी तीन चतुर्थांश इतक्या जवळच्या ठरतात, तर आई व मुलीचे नाते मात्र अर्ध्याचेच राहते. म्हणजे स्वतःची मुलगी वाढवण्यापेक्षा बहीण वाढवणे फायद्याचे! गणित इतके देखणे होते की अनेकांना प्रश्न सुटल्यासारखेच वाटले.

मार्जिनेटाच्या पोळ्यात हे गणित जुळेना. राणीचा संयोग एकाहून अधिक नरांशी होतो हे 1986 मध्ये दाखवले गेले, आणि त्याबरोबर बहिणींमधील नाते पातळ झाले. शिवाय या जातीची पोळी बारमाही असतात, त्यांत राण्या एकामागून एक बदलत जातात, आणि त्यामुळे एखादी कामकरी माशी ज्या अळीला भरवते ती तिची बहीण, भाची, मावसबहीण किंवा त्याहून दूरची कुणीही असू शकते. हे सगळे धरून हिशेब केला तर सरासरी नाते अर्ध्याच्याही खाली उतरते. म्हणजे निव्वळ नात्यासाठी राबायचे, तर स्वतःचे घर थाटणे अधिक शहाणपणाचे होते.

मग या माश्या तसे करत का नाहीत? 1990 मध्ये गदगकरांनी मांडलेले उत्तर मला या साऱ्या कामातील सर्वांत ताकदीचे वाटते. अंड्यापासून प्रौढ माशी बाहेर पडेपर्यंत बराच काळ जातो, आणि बाहेर अन्न शोधत हिंडणाऱ्या मादीचे आयुष्य बेभरवशाचे असते. एकटीने पोळे सुरू केले आणि ती मध्येच मेली, तर अर्धवट वाढलेली सगळी पिल्ले तिच्याबरोबर संपतात. तिने तोवर केलेल्या कष्टांचे मोल शून्य होते. भरल्या घरातील कामकरी माशी मध्येच मेली, तरी तिने अर्धी वाढवलेली अळी दुसरी कुणी तरी पूर्ण वाढवते. संयुक्त कुटुंबात सुनेचे काम तिच्या पश्चात जावेने पुढे न्यावे, तसेच हे. नाते कमी असले तरी फळ मिळण्याची खात्री जास्त, म्हणून सौदा परवडतो. हे आणि इतर घटक एकत्र धरून त्यांनी जे प्रतिमान पुढे रचले, त्यानुसार सुमारे 5 टक्के माश्यांनीच एकटीने घर थाटावे असे निघते, आणि प्रत्यक्षातील प्रमाण त्याच्या जवळपास जाणारे आहे.

या उत्तराला एक पूर्वअट होती. मुळात सगळ्याच माद्यांना अंडी घालता येतात का? 1988 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यावरचा प्रयोग साधा आहे. कोषातून नुकतीच बाहेर पडलेली प्रत्येक माशी वेगळ्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवायची, तिला अन्न, पाणी आणि बांधकामासाठी मऊ लाकूड द्यायचे, आणि वाट पाहायची. सुमारे निम्म्या माश्यांनी पोळे बांधून अंडी घातली, उरलेल्या निम्म्या मेल्या तरी अंडे घातले नाही. म्हणजे राणी किंवा कामकरी होण्याकडे कल काही अंशी प्रौढ होण्याआधीच ठरतो. या प्रयोगाच्या निबंधावर सांख्यिकीतज्ज्ञ म्हणून अनिल गोरे यांचे नाव आहे, ज्यांना पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे विद्यार्थी आणि मराठी वाचकही चांगले ओळखतात.

पद्धतीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिच्या साधेपणामुळे ती सोपी असावी असा गैरसमज होतो. पोळ्यावरच्या प्रत्येक माशीच्या अंगावर झटपट वाळणाऱ्या रंगाचे ठिपके देऊन तिला ओळख द्यायची, ठरलेल्या अंतराने प्रत्येकीची त्या क्षणाची कृती टिपायची, आणि कुणी कुणाला चावले, ढकलले, अन्न दिले याच्या वेगळ्या नोंदी ठेवायच्या. 1983 मध्ये गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी अशा नोंदींवरून माश्या आपला वेळ कशात घालवतात याचा ताळेबंद मांडला. त्यातून तीन गट निघाले: बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर हिंडणाऱ्या. आश्चर्य असे की मार्जिनेटाची राणी बसून राहणाऱ्यांत निघाली. भावंड जात असलेल्या सायथिफॉर्मिसची राणी भांडणाऱ्यांत मोडते, दमदाटी करते, आणि युरोप-अमेरिकेतील अभ्यासांवरून राणीबद्दल जी अपेक्षा होती ती पुरी करते. मार्जिनेटाची राणी मात्र इतकी गरीब की निरीक्षकाला ती ठिपक्यांच्या यादीशिवाय ओळखता येऊ नये. तिला पोळ्यावरून काढून टाकले तरी अन्न आणण्याचे काम जवळपास पूर्वीसारखेच चालू राहते. ते कामकरी माश्या आपापसांतच चालवतात.

काढून टाकल्यावर एक गोष्ट मात्र तत्काळ घडते. तोवर इतरांसारखीच वागणारी एक कामकरी माशी अचानक अतिशय आक्रमक होते. राणी परत ठेवली तर ती पुन्हा निवळते. न ठेवली तर आठवडाभरात तिची अंडाशये विकसित होतात, आक्रमकपणा ओसरतो आणि ती नवी, तितकीच शांत राणी बनते. ही वारस कोण असेल हे राणी असताना संशोधकांना सांगता येत नाही. शरीराचा आकार, दमदाटीतील क्रमांक, अंडाशयांची अवस्था यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. वयाचा काही प्रभाव दिसतो, पण तोही पक्का नाही.

आपल्याला कळत नाही ते माश्यांना कळते का, हा प्रश्न विचारणाऱ्या प्रयोगासाठी मी गदगकर आणि त्यांची विद्यार्थिनी अनिंदिता भद्र यांना पूर्ण गुण देईन. पोळे कापून मध्ये जाळी लावायची, माश्या दोन्ही बाजूंना वाटायच्या, राणी एका बाजूला. राणीविना राहिलेल्या बाजूला एक आक्रमक दावेदार उभी राहते. ती खरी वारस असेलच असे नाही, कारण खरी वारस राणीच्या बाजूला अडकलेली असू शकते. आता राणी आणि दावेदार यांची अदलाबदल करायची. दावेदार खरी वारस असेल, तर नव्या बाजूच्या माश्या तिला विनातक्रार स्वीकारतात. नसेल, तर तिथून दुसरी पुढे येते, पहिली माघार घेते, आणि ही दुसरी दोन्हीकडे मान्य होते. 2008 मध्ये हे प्रसिद्ध झाले. आलोक बंग यांच्याबरोबर 2012 मध्ये केलेल्या प्रयोगात एकामागून एक वारस काढत गेले असता पाचव्यापर्यंत रांग लावलेली आढळली, आणि तीही उघड भांडणाशिवाय.

राणी आपले अस्तित्व कळवते ते पोटाच्या टोकाजवळच्या ड्यूफोर ग्रंथीतील रसायनांनी, पोट पोळ्यावर घासून. या ग्रंथीचा अर्क राणीविना राहिलेल्या पोळ्यावर लावला तर दावेदाराचा आक्रमकपणा कमी होतो. राणीच्या वर्चस्वाची इतकी मुकी व्यवस्था असेल, हे सुरुवातीच्या निरीक्षणांवरून कुणी म्हटले असते तर विश्वास बसला नसता.

स्वस्त साधनांनी अव्वल विज्ञान करता येते, असे गदगकर आग्रहाने सांगतात आणि त्यांच्या प्रयोगांकडे पाहता ते खरेच आहे. रंगाची बाटली, बरणी, जाळी आणि वही यांत बहुतेक काम उरकते. त्यात एक पुरवणी मात्र जोडावीशी वाटते. बरणी स्वस्त आहे, पण त्या बरणीसमोर वर्षानुवर्षे बसू देणारी सुरक्षित नोकरी, पोळी तशीच राहू देणारे संस्थेचे आवार आणि एकामागून एक येणारे पीएच.डी.चे विद्यार्थी, ही गोष्ट स्वस्त नाही. जिल्ह्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला ती मिळत नाही, आणि तिच्यावाचून हे काम उभे राहिले नसते.

भद्र यांनी पुढे कोलकात्याजवळच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास सुरू केला आणि त्यातही महागडी उपकरणे फारशी लागत नाहीत. बंगळूरच्या पोळ्यांपुढे राहिलेला मोठा प्रश्न वारसाच्या ओळखीचा आहे: राणी जिवंत असताना पोळ्यावरच्या माश्या पुढची कोण हे नेमके कशावरून ओळखतात. अंगाचा वास हा सहज सुचणारा अंदाज आहे, पण रांगेत पाचवी असलेल्या माशीलाही तिचा नंबर आधीपासून ठाऊक असतो की प्रत्येक वेळी तो नव्याने ठरतो, हे जाळी लावून नुसते पाहत बसल्याने सुटणारे कोडे नाही.