मिनॉक्सिडिलची अ‍ॅलर्जी झाली तेव्हा – माझा अनुभव

केस गळतात म्हणून डॉक्टरांनी मला ५ टक्के मिनॉक्सिडिलचं सोल्यूशन दिलं तेव्हाच सांगितलं होतं की सुरुवातीला केस जरा जास्तच गळतील आणि टाळू थोडी कोरडी पडेल, त्यामुळे लावल्यावर चुरचुरायचं तरी मी फार मनावर घेतलं नाही. पण काही आठवड्यांनी जे सुरू झालं ते वेगळंच होतं. रात्र रात्र खाज, लाल चट्टे, त्यावर बारीक पाण्याचे फोड, आणि मुख्य म्हणजे जिथे औषध लावतच नव्हते तिथेही, कपाळावर, कानामागे, मानेवर, आणि एका सकाळी तर पापण्या सुजलेल्या.

हा फरक नीट समजून घ्या. नुसती जळजळ असेल तर ती बहुतेक औषध लागलं तेवढ्याच जागी होते, लावल्यावर लवकरच, आणि थांबवलं की शमते. अ‍ॅलर्जी उशिरा येते, शरीर आधी त्या पदार्थाला ओळखायला शिकतं आणि मग लावलं की एक-दोन दिवसांनी उसळतं, म्हणून इतके दिवस चाललेलं औषध अचानक कसं बाधलं असं वाटतं.

मी लगेच औषध बंद केलं, कोमट पाणी आणि साध्या शाम्पूने डोकं धुतलं, उशीचा अभ्रा बदलला आणि फोटो काढून ठेवले, कारण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत लाली उतरते आणि दाखवायला काही राहत नाही. वरून तेल, कोरफड असलं काहीच लावलं नाही. बंद केलं तर सगळे केस जातील ही भीती होतीच, पण आलेला फायदा ओसरायला साधारण ३-४ महिने लागतात, थोडे आठवडे थांबल्याने लगेच सगळं जात नाही. उलट सुजलेल्या कातडीतून औषध जास्त आत शिरतं, आणि मिनॉक्सिडिल मुळात ब्लड प्रेशरची गोळी होती, त्यामुळे छातीत धडधड, छातीत दुखणं, चक्कर, हातपाय सुजणं, अचानक वजन वाढणं असं झालं तर ते औषध रक्तात गेल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हा लगेच बंद करून डॉक्टरांना गाठायचं. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

स्किनच्या डॉक्टरांनी बाटली आणि खोका दोन्ही बघितले आणि म्हणाले, संशय औषधापेक्षा त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलवर जास्त आहे. मिनॉक्सिडिल विरघळावं म्हणून ते घालतात. गंमत नाही, खरंच काळजीची गोष्ट ही की खाजेसाठी देतात त्या काही स्टिरॉइड क्रीम-लोशनमध्येही तेच असतं, म्हणून त्यांनी मला ते नसलेलं स्टिरॉइड निवडून दिलं.

पूर्ण बरं झाल्यावर पॅच टेस्ट, म्हणजे नक्की कशाची अ‍ॅलर्जी आहे ते शोधायची चाचणी. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तास पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही, पट्ट्या काढल्यावर बघतात आणि एक-दोन दिवसांनी परत बघतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात. तो दुसरा चेक चुकवू नका. माझी प्रोपिलीन ग्लायकॉलची जागा लाल होऊन फुगली, मिनॉक्सिडिलची कोरी राहिली. इतकं हायसं वाटलं! मिनॉक्सिडिललाच अ‍ॅलर्जी निघाली असती तर ते लावायच्या कुठल्याच रूपात वापरता आलं नसतं, आणि नुसती कंपनी बदलून तर काहीच उपयोग झाला नसता.

मग मिनॉक्सिडिलचा फोम, म्हणजे फेसासारखं येणारं औषध, सुरू केला, त्यात बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल नसतं, तरी खोक्यावरची यादी वाचूनच घेतला. आधी कानामागे थोडासा लावून काही दिवस बघितलं, मग टाळूवर. आता खाज नाही. शाम्पू, सीरम, मॉइश्चरायझर, काहीही घेताना मी ते नाव शोधते, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेले की केसपेपरवर अ‍ॅलर्जीच्या रकान्यात ते लिहायला सांगते.