तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनी मला समुद्रात खेळायचे पैसे देते का?

कोल्हापूरला आले की मिसळीच्या टेबलावर पहिला प्रश्न हाच, "समुद्रात खेळायचे पैसे देते व्हय गं तुझी कंपनी?" आणि पाठोपाठ, "मग नोकरी कधी करणार?" इतकी वर्षं हसून विषय बदलला, आता सांगतेच.

पैसे देते, पण खेळायचे नाही. मी सर्फिंग करते, म्हणजे फळीवर उभं राहून लाटांवरनं घसरत जायचं, आणि राहते पोर्तुगालात एरिसैराला, लिस्बनपासून तासाभरावर. 2011 साली तो किनारा वर्ल्ड सर्फिंग रिझर्व, म्हणजे सर्फिंगच्या लाटांसाठी जपायचा किनारा, झाला, युरोपातला पहिला, त्यामुळं कॅमेरेवाले आणि कंपन्या कायम तिथंच. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं, म्हणून ऑगस्टमध्येही वेटसूट, म्हणजे गार पाण्यात अंग ऊबदार ठेवणारा रबरासारखा घट्ट सूट, घालावाच लागतो. तो बनवणारी कंपनी मला वर्षाला दोन सूट देते आणि घरभाडं निघेल इतके पैसे. बाकी पोट मी सर्फिंग शिकवून भरते. बदल्यात छातीवर त्यांचं नाव आणि ते म्हणतील तेव्हा शूटिंग.

करार झाला तेव्हा मीच पप्पांना तोऱ्यात सांगितलं होतं, शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक दिला, खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं, हे तसंच आहे. पंचगंगेत पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला पोहायला शिकवलेला माणूस तो, त्याला पटलं पण. आज ते बोलणं मी मागं घेते. पैलवानाच्या लंगोटावर कुणाचं नाव नव्हतं.

ऑगस्ट 2019. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आणि पाणी 55 च्या वर गेलेलं, हायवे बंद, आमच्या शाहूपुरीच्या घरात पाणी. पप्पा आणि आई माळ्यावर. त्याच दोन दिवसांत माझं हिवाळी सूटचं शूटिंग ठरलेलं. सकाळी फोन लागला तेव्हा आई बोलत होती आणि मागं काहीतरी टक टक वाजत होतं, मी विचारलं कोण दार वाजवतंय, तर म्हणाली कोण नाही, पातेलं तरंगतंय, दाराला आपटतंय. मग फोन कट. परत लागलाच नाही. आणि इकडं एक पोरगा टॉवेलनं माझ्या छातीवरचं नाव पुसत होता, ओलं असलं की फोटोत नीट दिसत नाही म्हणून. मी सांगितलं, घरी पूर आलाय. शूटिंगवाले म्हणाले वाईट वाटलं, पण क्रू दोनच दिवसांसाठी आलाय. मी पाण्यात गेले. दोन्ही दिवस गेले आणि हसले पण. तिसऱ्या दिवशी पप्पांचा फोन आला, बोटीनं बाहेर काढलं म्हणून.

नाही म्हणता आलं असतं, हे कुणी सांगायची गरज नाही. पण सूट नसता तर त्या पाण्यात मी तासभर टिकले नसते, आणि ते भाडं नसतं तर एरिसैराही नसतं, हेही तितकंच खरं. त्याच फोटोंवर पुढचा करार मिळाला. ते फोटो मी घरी कधी दाखवले नाहीत.

आता नवा करार आलाय. पप्पांनी एवढंच विचारलं, "पावसाळ्यात घरी यायची रजा लिहून घेतलीस काय?" जुलै-ऑगस्टची मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.