तुम्ही विचारलंत म्हणून: व्यसनानं गेलेल्या गायकासाठी रडायचं का?

एखादा रॉक गायक गेला की दोन-चार दिवसांत कुणीतरी मला विचारतंच. कधी सरळ, कधी आडून. "व्यसन हा खरंच आजार असतो का हो? सुई तर त्यानं स्वतःच टोचून घेतली ना? पैसा होता, नाव होतं, घरी पोरंबाळं होती. मग एवढं हळहळायचं कशाला?" मी या संगीतावर बरीच वर्षं लिहितो आणि या क्षेत्रात मृत्युलेख लिहायची वेळ जरा जास्तच येते, म्हणून प्रश्न माझ्या दारात येतो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

खरं तर हे दोन प्रश्न आहेत. व्यसन म्हणजे काय, हा पहिला. गेलेल्या माणसाबद्दल दुःख करावं की नाही, हा दुसरा. विचारणाऱ्याला वाटतं, पहिल्याचा निकाल लागला की दुसरा आपोआप सुटेल. आजार ठरला तर डोळे पुसायचे, निवड ठरली तर "भोगलं आपल्या कर्मानं" म्हणून मोकळं व्हायचं. माझी हरकत आहे ती या जोडणीला. पण आधी पहिला प्रश्न घेऊ, कारण तो टाळला तर तुम्ही म्हणाल, पळ काढला.

सिअ‍ॅटलमधल्या एका बँडची गोष्ट सांगतो. तिथल्याच पर्ल जॅम या बँडचा गिटारिस्ट माइक मॅक्रेडी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मिनेसोटातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात होता. तिथं त्याला जॉन बेकर सॉन्डर्स हा बेसवादक भेटला. बाहेर पडल्यावर दोघांनी बँड काढायचं ठरवलं. ड्रमवर बॅरेट मार्टिन आला आणि गायला अ‍ॅलिस इन चेन्स या बँडचा गायक लेन स्टॅली. लेन तेव्हा हेरॉइनमध्ये पुरता रुतला होता. मॅक्रेडीचा हिशेब साधा होता: नशा सोडलेल्या माणसांच्या संगतीत राहिला तर हाही सुटेल. बँडचं नाव मॅड सीझन. १९९५ साली त्यांचा एकमेव अल्बम आला. त्यात पाहुणा म्हणून मार्क लॅनेगन गायला, तोही हेरॉइनच्याच वाटेवरचा.

पुढं काय झालं? सॉन्डर्स १९९९ मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसनं गेला. म्हणजे जो केंद्रातून शुद्ध होऊन आला होता, ज्याच्या संगतीनं दुसऱ्याला वाचवायचं होतं, तोच. स्टॅली २००२ मध्ये गेला, चौतिसाव्या वर्षी. लॅनेगन मात्र हेरॉइनमधून बाहेर पडला, पुढं उत्तम गाणी केली आणि २०२२ पर्यंत जगला. मॅक्रेडी आजही पर्ल जॅममध्ये वाजवतो.

शहर तेच, काळ तोच, स्टुडिओ तोच. आता मला सांगा, हे निव्वळ निवडीचं काम असेल तर सॉन्डर्सचं काय? त्यानं तर सोडायचं निवडलं होतं, सोडलंही होतं. आणि हा निव्वळ आजार असेल, माणसाच्या इच्छेशी काही देणंघेणं नसलेला, तर मॅक्रेडीच्या निश्चयाला काही किंमतच उरत नाही. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला "तुझं त्यात काही नव्हतं" असं सांगून बघा, तो काय म्हणतो ते ऐका.

तज्ज्ञांतही हा वाद जुना आहे. दारूचं व्यसन हा आजार आहे, असं अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९५६ मध्ये मान्य केलं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक अ‍ॅलन लेश्नर यांनी 'सायन्स' नियतकालिकात ठामपणे मांडलं की व्यसन हा मेंदूचा आजार आहे. आधार भक्कम होता. नशेनं मेंदूतली डोपामिनची (सुखाची ओढ लावणाऱ्या रसायनाची) व्यवस्था बदलते, स्वतःला आवरण्याचं काम करणारा पुढचा भाग दुबळा पडतो, तलफ मात्र धारदार होत जाते. आनुवंशिकतेचा वाटाही साधारण निम्मा निघतो. दुसऱ्या बाजूला मानसशास्त्रज्ञ जीन हेमन यांच्यासारखे लोक म्हणतात, असं असेल तर इतके लोक आपणहून, कुठल्याही उपचाराविना, तिशीत-चाळिशीत कसे सोडतात? लघवीची तपासणी स्वच्छ आली की बक्षिसाचं कूपन द्यायचं, अशी एक उपचारपद्धत आहे आणि ती बऱ्यापैकी चालते. कूपन दाखवून कॅन्सरची गाठ विरघळत नाही. मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन घेणारे हेरॉइनचे रुग्ण कमी मरतात, हेही तितकंच खरं आहे, आणि ती औषधं आहेत, उपदेश नव्हे.

न्यायालयालाही हे नीट जमलेलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये सांगितलं की केवळ व्यसनी असणं हा गुन्हा ठरवता येणार नाही. सहाच वर्षांनी त्याच न्यायालयानं दारूच्या व्यसनी माणसाला सार्वजनिक ठिकाणी झिंगल्याबद्दल झालेली शिक्षा कायम ठेवली, तीही पाच विरुद्ध चार मतांनी.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते ली रॉबिन्स यांच्या अभ्यासानं. १९७१ मध्ये व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा त्यांनी पाठपुरावा केला. तिथं असताना सुमारे वीस टक्के सैनिक अफू-हेरॉइनच्या आहारी गेले होते. सरकार धास्तावलं होतं, आता ही लाट घरोघरी येणार. पण परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी सैनिकांपैकी पाचेक टक्केच पुन्हा अडकले. स्वस्त हेरॉइन, युद्ध, कंटाळा, तिथले सोबती, सगळं मागं राहिलं होतं.

आता याच्या उलट रॉक गायकाचं बघा. तो केंद्रातून बाहेर येतो आणि थेट टूरच्या बसमध्ये चढतो. तीच बस, तेच सोबती, कार्यक्रमानंतरची तीच रिकामी रात्र, आणि त्याच्या उभं राहण्यावर पोट असलेली पन्नास माणसं. ब्लाइंड मेलन बँडचा गायक शॅनन हून १९९५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला टूरच्या बसमध्येच मेला. स्टोन टेंपल पायलट्सचा एकेकाळचा गायक स्कॉट वाइलंड २०१५ मध्ये मिनेसोटात, टूरच्या बसमध्येच. शिवाय काही काळ नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, जुना डोस तेवढाच घेतला तरी तो जीव घेतो. एमी वाइनहाउस (ब्रिटिश गायिका, रॉकवाली नव्हे, पण आपल्याच शोकयादीतली) २०११ मध्ये काही आठवडे दारूपासून लांब राहिली आणि मग पुन्हा प्यायली. तिच्या शंभर मिलिलिटर रक्तात ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं. ब्रिटनमध्ये तेव्हा गाडी चालवायची मर्यादा ८० होती.

तर माझं मत असं. निवड असते, पण निवडणारा तोच राहत नाही. विसाव्या वर्षी पार्टीत पहिल्यांदा हो म्हणणारा आणि सकाळी टर्की येऊन (नशा न मिळाल्यानं शरीर बंड करून) हातपाय आखडलेले असताना हो म्हणणारा, दोघांना एकच माप लावणं मला अप्रामाणिक वाटतं. दुसऱ्याकडेही निवड उरलेली असते. म्हणूनच तर लोक सुटतात. पण ती इतकी बारीक उरलेली असते की तिला औषधाचा, माणसांचा, बदललेल्या जागेचा टेकू लागतो. या अवस्थेला आजार म्हणायचं की आणखी काही, यावर मी भांडणार नाही. टेकू देताना आजार म्हणणं सोयीचं पडतं एवढं मात्र खरं. कारण निवड म्हटलं की लोक हात झटकतात.

आणि प्रत्येक मृत्यू 'मजा मारता मारता गेला' असा नसतो. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर कीथ मून १९७८ मध्ये गेला तो क्लोमेथायाझोलच्या गोळ्यांनी. शवचिकित्सेत ३२ गोळ्या सापडल्या. ते औषध त्याला दारू सोडताना होणारा त्रास आवरायला दिलेलं होतं. अमेरिकी रॉक गायक टॉम पेटी २०१७ मध्ये सहासष्टाव्या वर्षी गेला. मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन त्यानं अख्खी टूर केली होती, आणि त्याच्या शरीरात फेंटॅनिलसह वेदनाशामकं आणि झोपेच्या गोळ्या यांचं मिश्रण निघालं. यातली निवड कुठली आणि दुखणं कुठलं, ते मला सुटं करून दाखवा.

आता रडण्याचं. सिगरेट ओढून फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेलेल्या माणसाच्या घरी आपण "ओढायची कुणी सांगितली होती?" असं विचारत नाही. मनात आलं तरी गिळतो. शोकासाठी निरपराध असण्याची अट आपण दुसऱ्या कुणाला घालत नाही, नशेबाजालाच घालतो.

पण चाहत्यांचा शोक असतो तसाही मला फारसा पटत नाही. वाइलंड गेल्यावर त्याच्या मुलांच्या आईनं, मेरी फोर्सबर्ग वाइलंड हिनं, 'रोलिंग स्टोन'मध्ये एक खुलं पत्र लिहिलं. मुलांनी आपला बाप वर्षांपूर्वीच गमावला होता, त्या डिसेंबरात गेली ती उरलेली आशा, असं तिचं म्हणणं. रॉक आणि रॉकवाल्यांच्या मनातले सैतान, या भाषेत या मृत्यूचं कौतुक करू नका, असंही तिनं बजावलं. त्या पत्रात राग आहे आणि दुःखही आहे, दोन्ही पूर्ण मापानं. ज्यांनी त्या माणसासोबत संसार केला त्यांना दोन्ही एकदम जमतं. लांबून गाणी ऐकणारे आपणच एक काहीतरी निवडायला बसतो.

'सत्तावीसचा क्लब' (सत्ताविसाव्या वर्षीच गेलेल्या गाजलेल्या संगीतकारांची यादी) ही त्याच कौतुकाची धाकटी बहीण. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात सत्ताविसाव्या वर्षी काही वेगळा धोका दिसला नाही. विशी-तिशीतल्या नामवंत संगीतकारांना एकूणच धोका जास्त, एवढंच निघालं. पण टी-शर्टवर छापायला आकडा बरा पडतो.

अमेरिकेत २०२१ ते २०२३ या काळात दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं ओव्हरडोसनं मेली. त्यांतल्या बहुतेकांवर मृत्युलेख लिहिणारं कुणी नव्हतं. गायकासाठी रडणं म्हणजे त्यांचा अपमान, असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. ओळखीच्या आवाजासाठी आधी वाईट वाटणारच. पण तो आवाज गेला म्हणून कुणी नॅलोक्सोनबद्दल वाचलं, ते नाकात फवारून ओव्हरडोस झालेल्याचा श्वास परत आणता येतो हे कुणाला कळलं, तर ते रडणं अगदीच वाया गेलं नाही.

याच प्रश्नाचं एक शेपूट असतं, दबक्या आवाजात येणारं: "पण नशा नसती तर अशी गाणी सुचली असती का?" तर ऐका. स्टॅलीनं १९९६ च्या जुलैत अ‍ॅलिस इन चेन्सबरोबर शेवटचा कार्यक्रम केला. १९९८ मध्ये मोजकी दोन-तीन गाणी रेकॉर्ड केली. त्यानंतर २००२ च्या एप्रिलपर्यंत, साडेतीन वर्षं, एक नवा अल्बम नाही, एक कार्यक्रम नाही. खात्यातून दोन आठवडे पैसे निघाले नाहीत, हे हिशेब सांभाळणाऱ्यांच्या लक्षात आलं, तेव्हा कुठं तो गेल्याचं कळलं. हेरॉइननं त्याला काय दिलं हे विचारणाऱ्यांनी या साडेतीन वर्षांतली गाणी मला आणून दाखवावीत.