दोन दारांचा तंबू आणि कोकणकड्यावरचा वारा

दोन माणसांच्या तंबूला दोन दारं हवीत. रतनगड ते हरिश्चंद्रगड ही वाट आईबरोबर चालून आल्यापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच काढते.

आई बासष्टची. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे टेकडी चढते, त्यामुळे तिच्या दमाची मला काळजी नव्हती. काळजी होती ती रात्रीची. गडावरच्या गुहेत झोपणं तिला नको असतं. शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, उंदीर पिशव्या कुरतडतात आणि मध्यरात्री कुणीतरी विजेरी थेट तोंडावर मारतं. त्यात रात्री तिला एक-दोनदा बाहेर जावं लागतं आणि गुडघा पूर्ण दुमडत नाही. तंबू घ्यायचा तर या सगळ्याचा विचार करून घ्यायचा, हे आमचं दोघींचं ठरलेलं होतं.

पुण्यातल्या एका दुकानात गेलो तर तिथे फक्त वजनाची भाषा. हा दीड किलो, तो पावणेदोन, हा घ्या मॅडम, सगळ्यात हलका. मांडून ठेवलेल्या तंबूच्या दाराला पाटी: ‘आत बसू नये.’ मी म्हटलं, अहो, झोपण्यासाठीच घेतेय ना, पाच मिनिटं आडवं होऊन बघू द्या. नाही म्हणजे नाही. साडी घ्यायची तर दुकानदार दहा साड्या उलगडून अंगावर टाकून दाखवतो आणि इथे दहा-बारा हजारांची वस्तू लांबूनच बघायची! आई एक शब्द न बोलता बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “मापं लिहून घेतलीस ना? मग घरी बघू.”

घरी येऊन तिने हॉलमध्ये रांगोळीने तंबू काढले. फरशी दोन फुटी, त्यामुळे मोजायला सोपं गेलं. पहिला तो हलका, दीड किलोचा: लांबी 210 सेंटीमीटर, डोक्याकडे 125 रुंद आणि पायाकडे निमुळता होत 105. दार एकच, डोक्याच्या बाजूला. दुसरा दोन किलो शंभर ग्रॅमचा: 215 लांब, 130 रुंद, दोन्ही लांब बाजूंना एकेक दार. आईची मॅट रुंद, 64 सेंटीमीटरची. माझी नेहमीची 51 ची. दोन्ही मिळून 115. म्हणजे पहिल्या तंबूत डोकी मावतात पण पायाकडे मॅटा एकमेकींवर चढतात. दोघी रांगोळीच्या चौकोनात आडव्या झालो. कुशीवर वळल्याबरोबर आईचं कोपर रेघेबाहेर गेलं आणि रांगोळी फिसकटली. मग ती उठून बसली, ओढणी डोक्यावरून घेतली, स्वेटर घालायची नक्कल केली आणि विचारलं, “उंची किती म्हणालीस?” दोन्हींची मध्यावर एक मीटरच्या आसपास. तेवढी पुरली. पण एकाच दाराच्या तंबूतून बाहेर पडायचं तर रांगत डोक्याकडे वळावं लागणार, म्हणजे सगळा भार गुडघ्यावर. दार कुशीला असेल तर मॅटवर बसल्याबसल्या पाय बाहेर टाकता येतात. सहाशे ग्रॅमचा प्रश्न तिथेच मिटला. दोघींत वाटले तर डोईला तीनशे.

आणि ते दीड किलोही पूर्ण खरं नसतं. कंपन्या जे ‘किमान वजन’ लिहितात त्यात आतला तंबू, बाहेरचं छत आणि दांड्या एवढंच धरलेलं असतं. खुंट्या, ताणाच्या दोऱ्या, पिशवी, खालचं अंथरूण हे सगळं वेगळं. घ्याल तेव्हा सगळं सामान पिशवीत भरून काट्यावर ठेवायला सांगा आणि तोच आकडा धरा. दांड्या मात्र अॅल्युमिनियमच्याच घ्या. फायबरची दांडी वाऱ्यात वाकत-वाकत चिरते, तिच्या कुसळ्या बोटात जातात आणि डोंगरावर ती जोडता येत नाही. कापडाबद्दल विक्रेता ‘वीस डेनिअर’ वगैरे सांगतो. याचा अर्थ 9000 मीटर धाग्याचं वजन वीस ग्रॅम. इतकं तलम कापड म्हटल्यावर खाली एक जाड प्लास्टिक अंथरायचंच.

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठाने रतनवाडीला पोचलो, अमृतेश्वराचं दर्शन घेतलं, शिड्या चढून गड गाठला, नेढ्यात, म्हणजे खडकाच्या आरपार भोकात, बसून कळसूबाईकडे बघितलं. नेढ्यात आई हलायलाच तयार नव्हती, तिचा फोटो खरंच फार छान आलाय. पण आज लिहायचंय तंबूचं.

रतनगडावर जागा बघून तंबू लावायला घेतला आणि पहिलीच खुंटी वाकली. वर चार बोटं मुरूम, खाली कातळ. सह्याद्रीत बहुतेक माथ्यांवर हेच आहे. डोंगरच लाव्हाच्या थरांचा, वर मातीचा पातळ पापुद्रा. परदेशातल्या लोकांना आवडणारे सगळ्यात हलके तंबू चालायच्या काठीवर उभे राहतात आणि सगळा जोर खुंट्यांवर असतो. खुंटी बसली नाही की तंबू उभाच राहत नाही. तिकडच्या मऊ गवताळ जमिनीवर ते ठीक असेल. आपल्याकडे स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा तंबूच हवा. आमचा तसा होता. कोपऱ्यांच्या कड्यांना हातभर दोरीचे फास बांधून ठेवले होते, ते मोठ्या दगडांभोवती गुंडाळले आणि त्यावर आणखी दगड रचले. दोरी थेट धारदार दगडावर घासू देऊ नका, मध्ये गवताची चुंबळ ठेवा. हे आम्हाला आमच्या वाटाड्याने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत. पाय बोलायला लागले होते, एवढंच सांगते.

कुमशेतला भात काढून झाला होता, खाचरं मोकळी पडली होती. सपाट, दगड नाही, शेजारी पाणी. मी पिशवी टेकवली तोवर घरधनी आले. म्हणाले, “खाचरात नका लावू ताई, लय दहिवर पडतंय. तिकडं हिरड्याखाली लावा.” हिरड्याचं झाड खळ्याच्या कडेला, खाचरापेक्षा पुरुषभर उंचावर. आधी वर बघून वाळकी फांदी नाही, मोहोळ नाही याची खात्री केली आणि तिथे लावला. रात्री थंड हवा जड होऊन सखल जागी साचते, आणि उघड्या आभाळाखाली कापड आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. त्यावर बाहेरून दहिवर आणि आतून आपल्याच श्वासाचं पाणी. झाडाचं छत असलं की कापड तेवढं गारठत नाही. पहाटे खाचराच्या बांधावर ठेवलेली आमची प्लास्टिकची घडी निथळत होती आणि तंबूच्या छताला आतून हात लावला तर नुसता ओलावा लागत होता. तोही आमच्यापर्यंत आला नाही, कारण आतला जाळीचा तंबू आणि बाहेरचं छत यांच्यात चांगली वीतभर जागा आहे. एकाच थराचे तंबू आणखी हलके मिळतात, पण तिथे झोपेत कूस बदलली की ओल्या भिंतीला झोपायची झोळी (स्लीपिंग बॅग) घासते. थंडीच्या दिवसांत आईला मी त्यात झोपवणार नाही.

त्या घरी मिळालेली नाचणीची भाकरी आणि उडदाचं कालवण याबद्दल वेगळं लिहायला हवं. पैसे विचारले तर मावशींनी आईचा हात धरला आणि आधी पोटभर जेवा म्हणाल्या. बळेच काढून द्यावे लागले.

पेठेच्या वाडीवरून पाचनई, पाचनईहून वर गड. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आणि केदारेश्वराच्या गार पाण्यातली पिंड बघून झाल्यावर कोकणकड्याकडे निघालो तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती. इथून माझ्या मनात राग साठायला लागला. कड्याच्या पठारावर तंबूच तंबू. एकाची दोरी दुसऱ्याच्या दारातून गेलेली. तीन ठिकाणी तीन वेगळी गाणी. हे अभयारण्य आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. आणि लोक स्पीकर पाठीवर वाहून आणतात! आणि काहीजणांनी तर अगदी कड्याच्या ओठाजवळ तंबू ठोकलेले, का तर सकाळी दार उघडलं की फोटो मिळावा. कोकणातून वर चढणारा वारा या अर्धगोल कड्यात कोंडतो आणि काठावर उसळतो. अंधारात दोरीला अडखळून माणूस कुठे जाईल याचा विचारसुद्धा कुणी केला नव्हता.

आम्ही बरंच मागे, करवंदीच्या जाळीच्या आडोशाला गेलो. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे केली, दोऱ्या दगडांना ताणल्या, वाऱ्याकडचं छत जमिनीलगत ओढलं आणि वरची खिडकी उघडी ठेवली.

दोनच्या सुमारास वारा सुटला. छत फडफडायला लागलं, दांडी वाकून परत उभी राहत होती. पाठोपाठ बाहेर आरडाओरडा. आई तिच्या बाजूच्या दाराने कधी बाहेर गेली ते मला कळलंसुद्धा नाही, आणि मी म्हणते ते हेच. मला ओलांडून, माझ्या पायावर पाय देऊन, माझी झोळी तुडवून ती गेली नाही. तिचे बूट तिच्या दारात, तिची काठी तिच्या दारात. मी विजेरी घेऊन माझ्या बाजूने निघाले.

भाड्याचे तीन-चार तंबू लोळले होते. एकाची फायबरची दांडी मधोमध फाटून कापडातून बाहेर आली होती. त्यात दोन कॉलेजच्या मुली होत्या. एकीला तिच्या मित्रमैत्रिणींनी शेजारच्या तंबूत घेतलं. दुसरी नुसत्या जीन्स-जॅकेटवर उभी, दात वाजतायत, हातात मोडक्या दांडीचा तुकडा घट्ट धरलेला. आईने तो तुकडा तिच्या हातातून काढून घेतला, बोटात गेलेली कुसळ विजेरीच्या उजेडात चिमट्याने उपटली आणि म्हणाली, “चल गं, आमच्यात झोप.”

दोघींचा तंबू, 130 सेंटीमीटर. मध्ये मुलगी, उलट्या दिशेने डोकं करून. आईची झोळी उघडून दोघींवर पांघरुणासारखी घातली. आमच्या तिन्ही सॅक दोन्ही दारांसमोर छताखाली असतात त्या पडव्यांत मावल्या. मुलगी अर्धा तास थरथरत होती, आणि आई तिच्या पावलांना तळव्याने चोळत अंधारात तिच्याशी परीक्षेबद्दल बोलत होती. कुठलं कॉलेज, कुठला विषय, सबमिशन कधी. वर्गातल्या रडणाऱ्या मुलाशी ती वर्षानुवर्षं ज्या आवाजात बोलत आली तोच आवाज. हळूहळू मुलगी उत्तरं द्यायला लागली, मग झोपली. मला झोप लागली नाही आणि त्याचं काही वाटलंही नाही. एकाच दाराच्या, निमुळत्या, दीड किलोच्या तंबूत तिला जागा करता आली नसती.

सकाळी छताच्या आतून धारा लागल्या होत्या. तीन माणसांचा श्वास, दुसरं काय. ऊन आल्यावर आम्ही छत काढून जाळीवर उलटं पसरलं आणि ते वाळेपर्यंत पोहे खाल्ले. तंबू भाड्याने देणाऱ्या गावच्या पोरांवर मी चिडणार नाही. एका रात्रीचं ठरावीक भाडं, रोज नवी गिऱ्हाईकं, त्यात त्यांना जे परवडतं तेच ते आणतात. पण तुम्ही भाड्याने घेणार असाल तर दांड्या उजेडात डोळ्यांनी बघा, चीर दिसली तर दुसरा मागा. गरम कपडे आणि झोळी मात्र स्वतःची न्या. आणि कड्याच्या ओठापासून लांब राहा, ही हात जोडून विनंती आहे.

घरी आल्यावर तंबू पुन्हा पूर्ण दोन दिवस दोरीवर, सावलीत. उन्हात नको, कापड विटतं आणि कमकुवत होतं. पाणी अडवणारा आतला लेप ओलसर कपाटात हळूहळू चिकट होतो, त्याला आंबूस वास मारायला लागतो आणि मग तो पोपडे धरून सुटतो. आपल्या पावसाळी हवेत ठासून भरलेल्या पिशवीतच ठेवला तर चार-पाच वर्षांत असं व्हायचंच. आईने त्याला जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल घडी करून माळ्यावर ठेवलंय, सोबत वाकलेली खुंटी सरळ करून. मुलीच्या घरच्यांचा फोन येऊन गेला. आईने त्यांना मॅटच्या रुंदीपासून सगळी मापं सांगितली.