आता तू सुटलीस

आई गेली त्या दिवशी घरी आलेल्या माणसांपैकी निदान दहा जणांनी माझ्या पाठीवरून हात फिरवत एकच वाक्य म्हटले, "आता तू सुटलीस." कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पक्षाघाताने आई सहा वर्षे अंथरुणाला खिळलेली होती, माझे लग्न झालेले नव्हते, भाऊ आखातात नोकरीला होता आणि तिच्यासाठी मी शाळेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती, हे गोव्यातल्या आमच्या साऱ्या बोरी गावाला ठाऊक होते. तिचे हाल संपले आणि माझेही संपले, असे त्यांना मनापासून वाटत होते. मलाही तसेच वाटेल अशी माझी समजूत होती. तेरावे आटोपून भाऊ परत गेला. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी उकड्या तांदळाची पेज उतरवली, आईला चावता येत नसे म्हणून चेपणीच्या तोराची, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैरीची, फोड नेहमीप्रमाणे बोटांनी कुस्करून तिच्यात मिसळली, आणि वाडगा घेऊन तिच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत गेल्यावर मला आठवले. ती पेज मी तिथेच उभ्याने संपवली. भूक नव्हती, पण अन्न टाकायचे नाही एवढेच तेव्हा सुचले.

सहा वर्षे माझा दिवस आईच्या देहाच्या गरजांनी आखलेला होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलायची आणि ती वेळ दुरेघी वहीत लिहून ठेवायची : पाच, डावी, सात, उजवी, नऊ, उताणी. अशा अकरा वह्या भरल्या होत्या आणि बारावीचे शेवटचे पान अर्धे कोरे राहिले होते. आई गेल्यानंतरही मला पहाटे पाचला जाग येत असे, आणि पुढे करायला काहीच नसे. केस विंचरायला घेतले की मनात येई, कशासाठी? तुळशीपुढे दिवा लावताना येई, कशासाठी? वर्तमानपत्र घडीसुद्धा न मोडता रद्दीत जाऊ लागले. मी रडत नव्हते. रडू आले असते तर बरे झाले असते, कारण शोकाला निदान एक माणूस असतो, ज्याच्यासाठी आपण रडतो. माझ्या त्या अवस्थेला कुणीच नव्हते. मिरगाचा पाऊस आला आणि गेला, चतुर्थीला भाऊ चार दिवस येऊन गेला, आणि वर्षश्राद्ध झाले तरी मी तिथल्या तिथेच होते.

या काळात मला मिळालेल्या सल्ल्यांविषयी मनात कटुता न ठेवता लिहायचे आहे, कारण ते देणारी माणसे माझीच होती. सकारात्मक विचार कर, एखादा छंद लावून घे, काशीला जाऊन ये, स्वतःसाठी जगायला शीक, असे सांगणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात येत नसे की हे सारे करण्यासाठी जी इच्छा लागते तीच माझ्यापाशी उरली नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी स्वतःही वेगळे काही करत नव्हते. जगण्याला अर्थ काय, या प्रश्नाचे उत्तर विचार करून सापडेल आणि ते सापडले की मग उठून कामाला लागता येईल, अशा समजुतीने मी वर्षभर त्या रिकाम्या खोलीसमोर बसून विचारच करत राहिले. हा क्रमच उलटा आहे, हे मला फार उशिरा कळले, आणि हे लिहायला बसण्याचे कारणही तेच आहे.

पुढच्या पावसाळ्यात झोप अगदीच उडाली तेव्हा मी आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, चार प्रश्न विचारले आणि गोळीच्या चिठ्ठीबरोबरच मला शेजारच्या खोलीत बसणाऱ्या समुपदेशक मुलीकडे पाठवले. ती माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची असावी. तिने मला आईविषयी फारसे विचारले नाही आणि जीवनाच्या अर्थाविषयी तर काहीच नाही. "दुपारी तीन वाजता तुम्ही काय करता?" एवढेच तिने कोकणीत विचारले. मी म्हटले, काही नाही. "पूर्वी काय करत होता?" पूर्वी तीनला मी आईला चमच्याने लिंबाचे सरबत पाजत असे. तिने ते कागदावर लिहिले आणि शांतपणे सांगितले की आठवडाभर रोज तीनला एकच काम करायचे, मन लागो न लागो, आणि केल्यावर वहीत नोंद करायची. मन तयार होण्याची वाट पाहायची नाही. मी कसलेही काम सुचवू शकले नाही, म्हणून तिनेच विचारले की घरापासून चालत जाण्यासारखे काय आहे. मी म्हटले, नदीकाठच्या शेतांचा, खाजनाचा बांध आहे.

या साध्या उपायाला मोठा आधार आहे, आणि तो आपल्या गोव्यातलाच आहे, हे मी नंतर वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांसह एक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीत उपचार देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण घेतलेली साधी स्थानिक माणसे होती, आणि सहा ते आठ भेटींत त्यांनी मुख्यतः हेच केले की रुग्णाला पुन्हा हळूहळू कामात, माणसांत आणि दिनक्रमात आणले. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना त्या मिळाल्या नव्हत्या त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. ते ६४ टक्के लोक तत्त्वज्ञान वाचून बरे झाले नव्हते. त्यांनी आधी हातपाय हलवले, आणि मन मागून आले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य समजते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कशातच रस नसणे अशी अवस्था असेल तर तो स्वभावाचा दोष किंवा श्रद्धेचा अभाव नसतो, तो आजार असू शकतो, आणि त्यासाठी डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. जगणेच नको असा विचार मनात डोकावत असेल तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे, आणि तिथे दिवसरात्र कधीही विनामूल्य बोलता येते. मी औषधही घेतले आहे आणि ते सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

'मानस' हा शब्द मात्र आम्हा खाजनाकाठच्या माणसांना आणखी एका अर्थाने परिचित आहे. भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून मिळवली की तिला खाजन म्हणतात, आणि त्या बांधात पाण्याच्या ये-जा करण्याचे जे दार असते ती मानस. तिची लाकडी दारे अशी बसवलेली असतात की जुवारी नदीला भरती आली की पाण्याच्याच दाबाने ती मिटतात, आणि ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी त्यांना ढकलून नदीत निघून जाते. रोज तीनला मी त्या मानशीपर्यंत चालत जाऊ लागले. पहिला आठवडाभर मला काहीही वाटले नाही, आणि वहीत मी प्रामाणिकपणे तेच लिहिले : 'गेले. आले.' दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी ओहोटीच्या वेळी मी पोहोचले तेव्हा दाराच्या फटीतून गढूळ पाणी सुसाट बाहेर चालले होते आणि तिथे एक बगळा एका पायावर उभा होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले, आणि भानावर आले तेव्हा पावणेचार वाजले होते. त्या दिवशी वहीत मी लिहिले, 'बगळा.' वर्षभरात मी स्वतःहून लक्ष दिलेली ती पहिली गोष्ट होती.

त्या बांधावर मला बाबांची फार आठवण येई. आमच्या लहानपणी बांधाला भगदाड पडल्याचे कळले की हातातले काम टाकून माणसे धावत असत, कारण एकदा खारे पाणी शेतात शिरले की जमिनीतले मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत तिथे मीठ सोसणारे कोरगूट भातसुद्धा नीट येत नाही. बांध कशासाठी, असा प्रश्न बाबांनी कधी विचारला असेल असे मला वाटत नाही. शेजाऱ्याचे शेत आणि आपले शेत एकाच बांधाच्या आत होते. आपण गेलो नाही तर दुसऱ्याच्या ताटातले जाईल, एवढे उत्तर त्यांना पुरेसे होते.

विक्टर फ्रांकल या व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञाविषयी पुष्कळांनी वाचलेले असते ते त्यांनी नाझी छळछावण्यांत काढलेल्या वर्षांविषयी. मला अधिक जवळचे वाटते ते त्यांचे त्याआधीचे, १९३० च्या दशकातल्या मंदीच्या काळातले निरीक्षण. नोकरी गेलेले तरुण त्यांच्याकडे येत. काम नाही म्हणजे आपला कुणाला उपयोग नाही, आणि उपयोग नाही म्हणजे आपल्या जगण्याला अर्थ नाही, असे हिशेब त्या तरुणांनी मनाशी मांडलेले असत. फ्रांकल यांनी त्यांना वाचनालयांत, युवक संघटनांत, प्रौढशिक्षणाच्या वर्गांत बिनपगारी कामाला लावले. पोट पूर्वीइतकेच रिकामे राहिले, पैशाची चणचण तशीच राहिली, पण मनावरचे मळभ गेले. हे वाचताना मला त्या दहा जणांचे वाक्य आठवले. मी सुटले होते, आणि माझे दुखणे नेमके तेच होते. जगातल्या एकाही माणसाचे माझ्यावाचून काही अडत नव्हते.

यावर कुणी म्हणेल की बाईमाणसाने सेवेतच अर्थ शोधावा, असे मी सुचवते आहे. तसे मुळीच नाही, आणि या बाबतीत माझे मन अजूनही दुखरे आहे. त्या सहा वर्षांत मी एकटी अडकले होते. कूस बदलण्याची पाळी दुसऱ्या कुणी घेतली असती, एखाद्या रविवारी कुणी मला दोन तास घराबाहेर पाठवले असते, तर तेच काम मी अधिक आनंदाने केले असते आणि त्याच्या शेवटी इतकी रिती झाले नसते. अडकणे आणि गुंतणे यांत हाच फरक आहे, असे आता मला वाटते. बांध दुरुस्त करताना बाबा कधी एकटे नसत.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो वीजजोडणीची कामे करतो. देवळाच्या जत्रेला गावातल्या मंडळींचे मराठी नाटक होते; आमच्याकडे बहुतेक गावांत होते तसेच. दरवर्षी प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मास्तरांना आता दिसत नव्हते. "टीचर, तुम्ही येणार का? तालीम रात्री साडेआठला असते," तो म्हणाला. माझी इच्छा नव्हती. पण तोवर इच्छेची वाट न पाहण्याची मला थोडी सवय झाली होती, म्हणून मी हो म्हटले.

प्रॉम्प्टरचे काम बाहेरून दिसते तसे वाचण्याचे नसते, ते पाहण्याचे असते. कोण कोणत्या वाक्यावर श्वास घेतो, कोण विसरण्याआधी डोळे वर करतो, कुणाचा थांबा खरोखरच अभिनयाचा आहे आणि कुणाचा अडखळण्याचा, हे दीड महिना रोज पाहत राहावे लागते, कारण उगाच दिलेला शब्द न दिलेल्या शब्दाइतकाच नाटक बिघडवतो. मी संहितेच्या समासात पेन्सिलीने खुणा करू लागले. गोल म्हणजे थांबा, फुली म्हणजे धोका. एकदा पाहते तो माझे अक्षर आईच्या वह्यांतल्यासारखेच बारीक आणि नीटस पडलेले होते, आणि त्या रात्री घरी येऊन मी वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदा पोटभर रडले.

पौषातल्या जत्रेला दुसऱ्या अंकात तो वीजवाला मुलगा, ज्याच्या वाट्याला बापाची भूमिका होती, मुलीला निरोप देताना अडला. सभामंडपासमोर सारे गाव बसलेले होते. त्याचे डोळे वर गेले, आणि त्या वाक्यावर मी तालमीतच फुली मारून ठेवलेली होती. विंगेतून मी तीन शब्द दिले. ते त्याने असे उचलले की समोर बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि तो अडला होता हे त्यांतल्या एकीलाही कळले नाही. हातात टॉर्च धरून, डासांत, अंधारात, कुणालाही न दिसता उभी असताना मला जे झाले तो आनंद होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तो शोधायला मी तिथे गेले नव्हते.

पहाटेचा तो 'कशासाठी?' हा प्रश्न अजूनही अधूनमधून येतो. आला की मी त्याच्याशी वाद घालत नाही. उठते, चहा टाकते आणि वही काढते. यंदाच्या नाटकाची जुनी प्रत कालच हाती आली आहे, तिच्या तिसऱ्या अंकाची चार पाने सुटलेली आहेत आणि कोपरे वाळवीने खाल्ले आहेत. आज रात्री साडेआठला पहिले वाचन आहे, त्याआधी ती पाने खळ लावून चिकटवायला हवीत.