पाच वॅटच्या भरवशावर

शिडाच्या होडीतला मोठा व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे समुद्रावर एकमेकांशी बोलायचा बिनतारी संच, २५ वॅटचा, आणि त्याचा अँटेना डोलकाठीच्या टोकाला. किनारा दिसेनासा झाल्यावरही तिकडचं हवामानवृत्त त्यावर स्वच्छ ऐकू यायचं. दुपारी वारा चढला, डोलकाठी तोलणारी एक पोलादी तार तुटली आणि डोलकाठी शिडासकट पाण्यात आडवी झाली. रेडिओचे दिवे लागलेले होते, पण अँटेना गेल्यावर त्याचा उपयोग शून्य.

कुणाला लागलं नव्हतं. पण मोडकी डोलकाठी प्रत्येक लाटेबरोबर होडीच्या अंगावर आदळत होती, म्हणून कप्तान आणि आणखी एक जण तारा कापायला भिडले. पंख्याजवळ दोर तरंगत असल्याने इंजिन लावायची सोय नव्हती. हातातला छोटा व्हीएचएफ माझ्या लाइफ जॅकेटला अडकवलेला, त्यामुळे बोलायचं काम माझं.

मदतीची हाक कोणती द्यायची, मेडे की पॅन-पॅन? कप्तान मान वर न करता म्हणाला, "पॅन-पॅन. पाणी आत यायला लागलं तर मेडे." जिवावर किंवा होडीवर बेतलेलं असेल तरच मेडे; मदत तातडीची हवी पण तितकं बेतलेलं नसेल तर पॅन-पॅन. आणीबाणीच्या हाकेचा चॅनल १६ लावला, ताकद १ वॅटवरून ५ वर नेली. बटण दाबल्यावर क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. तीनदा पॅन-पॅन, होडीचं नाव, अक्षांश-रेखांशाचा एकेक आकडा सुटा, काय झालंय, काय मदत हवी, माणसं किती, शेवटी ओव्हर, म्हणजे आता तुम्ही बोला. आणि मग बटण सोडायचं! घाबरलेला माणूस ते दाबूनच धरतो आणि आलेलं उत्तर त्याला ऐकू येत नाही.

आम्हाला मात्र उत्तरच आलं नाही.

व्हीएचएफच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे वॅटपेक्षा उंची मोलाची. अँटेना पाण्यापासून १ मीटरवर असेल तर त्याचं क्षितिज जेमतेम २ सागरी मैलांवर. ४ मीटरवर नेला तर दुप्पट लांब. समोरच्याचा अँटेना उंच असेल तर त्याचे मैल यात मिळतात. हार्नेस, म्हणजे होडीला बांधून ठेवणारा पट्टा, अडकवून मी केबिनच्या छपरावर चढलो, अँटेना उभा धरला आणि सगळं पुन्हा म्हटलं.

या वेळी एका मालवाहू जहाजाने ओ दिली. त्याने आमचा संदेश किनाऱ्याला कळवला. किनाऱ्याचं बोलणं आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. जहाजाचाच आवाज यायचा, मध्ये शांतता, मग पुन्हा तोच आवाज आमचे आकडे जसेच्या तसे सांगताना. फोनला रेंज नव्हतीच, पण असती तरी फोन एकालाच लागतो. चॅनल १६ आसपासचे सगळे ऐकत असतात.

बचावनौका जवळ आली तरी लाटांमध्ये तिला आम्ही दिसेनात. डोलकाठी नसलेली होडी पाण्यावर फारच बुटकी. तिकडून सांगितलं, "बटण दाबून सावकाश दहापर्यंत मोजा आणि परत उलटे या." त्यांच्याकडचं यंत्र लहरींची दिशा पकडतं, त्यासाठी बोलणं सलग लागतं. मी मोजत उलटा चारवर आलो तेव्हा तिचं नाक आमच्याकडे वळलं.

ओढून नेताना बोलणं दुसऱ्या चॅनलवर, १ वॅटवर; बॅटरी वाचवायला तेवढं पुरतं. कप्तानाने आता मागच्या कठड्याला लावायचा आणीबाणीचा अँटेना घेतलाय. डोलकाठी गेली तरी मोठा रेडिओ त्यावर चालेल.